राणीची घंटा, लेखिकेची दौत : विंडसर ते बाथ, सहा दिवस

साताऱ्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असताना अठराव्या शतकातील कादंबरीच्या तासाला मी फॅनी बर्नीविषयी दोनच वाक्ये सांगत असे. पहिले असे की, ‘एव्हलिना’ ही तिची पहिली कादंबरी १७७८ मध्ये निनावी प्रसिद्ध झाली आणि लंडनभर गाजली. दुसरे असे की, पुढे पाच वर्षे ती इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याची राणी शार्लट हिच्या पदरी नोकरीला होती. निवृत्तीनंतर तिच्या दरबारातील दैनंदिन्या सलग वाचल्या, तेव्हा त्या दुसऱ्या वाक्याच्या पोटात काय काय दडले आहे ते कळले, आणि ती जिथे जिथे राहिली ती ठिकाणे एकदा डोळ्यांनी पाहावीत, असे मनाने घेतले.

योगही जुळून आला. भाची लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ येथे राहते आणि तिच्याकडे वहिनी तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. वहिनींची सारी नोकरी कोषागारात गेली. साहित्याचा विषय निघाला की आधी आकडे विचारायचे ही त्यांची सवय आहे, आणि या प्रवासात ती सवय मला किती उपयोगी पडली ते पुढे येईलच. मे महिन्यातले सहा दिवस आम्ही रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि दिवेलागणीपर्यंत परत यायचो. अर्थात तिकडे मे महिन्यात दिवेलागण रात्री नऊच्या सुमारास होते.

पहिला दिवस, गुरुवार : वेस्टमिन्स्टर ॲबी

ॲबीत राजेराण्यांची थडगी पाहायला लोक येतात, आम्ही मात्र दोन लेखिकांच्या शोधात होतो. पहिली मार्गारेट कॅव्हेंडिश. १६४३ मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, ती राणी हेन्रिएटा मारियाची सेविका झाली, राणीबरोबर पॅरिसला परागंदा झाली, तिथेच न्यूकासलच्या उमरावाशी तिचा विवाह झाला आणि पुढे तिने कविता, नाटके, निबंध, तत्त्वचर्चा असे इतके लिहिले की तिच्या काळातले लोक तिला विक्षिप्त म्हणू लागले. उत्तरेकडील भागात नवराबायको संगमरवरात शेजारी शेजारी पहुडलेले आहेत. मी वाकून पाहिले. तिच्या हातांत उघडे पुस्तक आहे, आणि सोबत लेखणीची पेटी व दौत कोरलेली आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एखाद्या बाईच्या थडग्यावर मुकुट नव्हे, जपमाळ नव्हे, तर दौत कोरली जावी, हे पाहून मी बराच वेळ तिथून हलले नाही.

दुसरी आफ्रा बेन. ती आत नाही, बाहेरच्या पूर्वेकडील ओवरीत जमिनीत आहे, आणि येणारे जाणारे लोक काळ्या फरशीवरून सहज चालत जातात. १६६६ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाच्या सरकारने तिला हेरगिरीसाठी अँटवर्पला पाठवले. खर्चाचे पैसे वेळेवर आले नाहीत, कर्ज झाले, पैशासाठी तिने लिहिलेल्या विनवण्यांना दाद मिळाली नाही. मग तिने नाटके लिहिली आणि लेखणीवर पोट भरणाऱ्या पहिल्या इंग्रज स्त्रियांमध्ये तिचे नाव लागले. १६८९ च्या या फरशीवर दोन ओळी आहेत, त्यांचा भावार्थ असा की, चातुर्य हे मृत्यूपुढे कधीच पुरे पडत नाही, याचा पुरावा इथे निजला आहे. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे सरकारनं काम करून घेतलं आणि बिल काढलंच नाही.” कोषागारात आयुष्य घालवलेल्या माणसाने म्हणावे तसेच ते वाक्य होते आणि ते नेमके होते.

कवींच्या कोपऱ्यात कादंबरीकार जेन ऑस्टिनची एक लहानशी पाटी आहे, आणि उंचावरच्या स्मृतिखिडकीच्या काचेवर २००२ मध्ये फॅनी बर्नीचे नाव आले. मान खूप मागे टाकावी लागते. जाणाऱ्यांसाठी सूचना : रविवारी ॲबी केवळ उपासनेसाठी उघडी असते, पर्यटकांसाठी नव्हे, तिकीट आधी काढून ठेवावे, आणि ओवऱ्यांसाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवावा, कारण दमलेले लोक आफ्रा बेनपर्यंत पोहोचतच नाहीत.

दुसरा दिवस, शुक्रवार : विंडसर

स्लाऊहून विंडसरला जाणारी छोटी गाडी सहा मिनिटांत पोहोचवते. खिडकीतून आधी सपाट गवत दिसते, मग नदी, आणि मग एकदम टेकडीवरचा किल्ला. सकाळी वारा इतका गार होता की वहिनींनी शालीवरून कोट घातला.

किल्ल्यात आम्ही रीतसर फिरलो. सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांचे दफन झाले आहे, तिथे थांबलो. पण मला पाहायची होती ती जागा किल्ल्याच्या आत नव्हतीच. फॅनी नोकरीला आली त्या काळात राजघराणे प्रत्यक्ष किल्ल्यात फारसे राहत नसे. दक्षिणेच्या बाजूला ‘क्वीन्स लॉज’ नावाची प्रशस्त वास्तू होती, तिथे त्यांचा मुक्काम असे आणि तिथेच तळमजल्यावर फॅनीची खोली होती. चौथ्या जॉर्जने १८२३ मध्ये ती वास्तू पाडली. आज किल्ल्याच्या दक्षिण दारापासून ‘लाँग वॉक’ हा सरळसोट रस्ता निघतो, दोन्ही बाजूंना झाडे, आणि अडीच मैलांहून दूर टेकडीवर घोड्यावर बसलेला तिसरा जॉर्ज. त्या रस्त्याच्या सुरुवातीला हिरवळीच्या कडेला आम्ही डबा सोडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला चहा. जिथे एके काळी राणीची घंटा वाजत असे त्याच्या आसपास कुठेतरी आम्ही बसलो होतो.

फॅनीची नेमणूक कशी झाली ते मी वहिनींना तिथेच सांगितले. मेरी डेलनी नावाच्या वृद्ध, विधवा, गुणी बाईंना राजाने विंडसरमध्ये सेंट ऑल्बन्स स्ट्रीटवर घर आणि वर्षाला तीनशे पौंड दिले होते. या बाईंनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून, काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून हुबेहूब फुले करायला घेतली आणि डोळे साथ देईनासे होईपर्यंत सुमारे साडेनऊशेवर फुले केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि आधी वेळ ठरवून घेतली तर अभ्यासकक्षात पाहता येतात. डिसेंबर १७८५ मध्ये फॅनी त्यांच्याकडे उतरली असताना राजा न सांगता दिवाणखान्यात आला, आणि सगळे जण पाठीमागे सरकत भिंतींना चिकटून उभे राहिले. राजाने तिला ‘एव्हलिना’ छापली कशी, का, असे घाईघाईने एकामागून एक विचारले आणि गोंधळून तिने उत्तर दिले की, छापल्यावर ती छान दिसेल असे मला वाटले. पुढे तिला जे उत्तर सुचायला हवे होते ते रात्रभर आठवत राहिले असेल, असे मला नेहमी वाटते.

त्याच सुमारास तिने बहिणीला एक पत्र लिहिले. राजाराणीसमोर कसे वागावे याचे नियम त्यात आहेत. खोकला आला तर खोकायचे नाही, घुसमटायचे. शिंक आली तर श्वास रोखून धरायचा. केसांतली टाचणी डोक्यात रुतली तरी ती काढायची नाही, रक्त आले तर येऊ द्यायचे. पत्र मिश्कील आहे. परंतु सातच महिन्यांनी, जुलै १७८६ मध्ये, ती खरोखरच त्या नियमांच्या घरात राहायला आली. चौतिसाव्या वर्षी ती राणीच्या वस्त्रागाराची दुय्यम रक्षक झाली.

“पगार किती?” वहिनींनी विचारले.

वर्षाला दोनशे पौंड, राहायला खोल्या, दिमतीला नोकर. त्यांनी लगेच दुसरा प्रश्न केला : कादंबरीला किती मिळाले होते? ‘एव्हलिना’ला प्रकाशकाने वीस गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त) दिल्या होत्या, ‘सिसीलिया’ला १७८२ मध्ये अडीचशे पौंड. वहिनींनी दशमीचा घास हातातच ठेवून हिशेब केला. एका कादंबरीला चार वर्षे धरली, तर दरबारची नोकरी पैशाने केव्हाही सरस होती, आणि लग्न न झालेल्या मुलीची चिंता करणाऱ्या तिच्या वडिलांना, चार्ल्स बर्नींना, तो हिशेब मोहात पाडणारा वाटला असणार. ते संगीताचे इतिहासकार होते, त्यांना दरबारात मान हवा होता. नको असलेली नोकरी फॅनीने वडिलांकडे पाहून स्वीकारली, हे तिच्या पानापानांतून दिसते.

आता तिचा दिवस. सकाळी सहाला उठायचे आणि घंटेची वाट पाहायची. साडेसातच्या सुमारास घंटा वाजली की जाऊन राणीला कपडे चढवायचे. मग न्याहारी. पाऊण वाजता पुन्हा राणीचा पोशाख, पावडर लावलेले केस. पाचला वरिष्ठ बाईंबरोबर जेवण, संध्याकाळी दरबारी मंडळींना चहा देत बसणे, मग पत्ते, आणि रात्री अकरा-बाराच्या दरम्यान पुन्हा घंटा. माणसाने हाक मारली असती तर तिला चालले असते; घंटेने बोलावले जाणे तिला सहन होत नसे. मालकिणीने चाकराला बोलवावे तसे हे आहे, हे तिने पहिल्याच दिवसांत लिहून ठेवले.

वरिष्ठ बाई म्हणजे मिसेस श्वेलेनबर्ग. राणीबरोबर जर्मनीहून आलेल्या, बेडूक पाळणाऱ्या, रोज संध्याकाळी पत्त्यांना जोडीदार हवा म्हणून फॅनीला अडकवून ठेवणाऱ्या. एकदा लंडनच्या प्रवासात बोचऱ्या वाऱ्यात गाडीची खिडकी त्यांनी उघडीच ठेवायला लावली आणि फॅनीचे डोळे सुजून लाल झाले. शेवटी दरबारातील पुरुषांनाही तिची कीव आली. त्या बाईंवर पुष्कळ लोकांनी टीका केली आहे. माझ्या मते त्यांच्यापेक्षाही त्या व्यवस्थेत दोष अधिक होता, कारण राणी स्वतः दयाळू होती, वाचणारी होती, तिने फॅनीला लेखिका म्हणूनच निवडले होते, आणि तरीही लिहायला लागतो तो एक सलग तास तिने कधी तिला दिला नाही. तिला ते सुचलेच नाही.

दुपारी ऊन पडले आणि लाँग वॉकवर शाळेची मुले सायकली घेऊन आली. आम्ही सेंट ऑल्बन्स स्ट्रीट चालून पाहिला; डेलनीबाईंचे घर दाखवणारी पाटी आम्हाला दिसली नाही. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात स्कोन घेतले. तिथे वाढणाऱ्या वयस्कर बाईंना मी क्वीन्स लॉजविषयी विचारले, तर त्या म्हणाल्या की त्या जन्मापासून विंडसरच्या, पण असे काही होते हे त्यांना माहीत नव्हते; मग पदर खोचावा तसा ॲप्रन सावरून त्या खुर्ची ओढून बसल्याच आणि फॅनीच्या घंटेची सगळी गोष्ट त्यांनी ऐकून घेतली. निघताना त्यांनी वहिनींच्या हातात कागदात गुंडाळलेला आणखी एक स्कोन ठेवला.

विंडसरसाठी सूचना : किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो आणि चॅपेल रविवारी पर्यटकांना पाहता येत नाही. लाँग वॉकला तिकीट लागत नाही. पूर्ण चालायचे असेल तर जाऊन येऊन पाच मैलांहून अधिक होतात, बूट चांगले घालावेत.

तिसरा दिवस, शनिवार : क्यू

लंडनमधल्या क्यूच्या वनस्पतीबागेत लोक काचघरे पाहायला येतात. आम्ही उत्तरेच्या टोकाला असलेल्या लाल विटांच्या चार मजली घराकडे गेलो. १६३१ मध्ये एका व्यापाऱ्याने बांधलेले हे घर आज क्यू पॅलेस म्हणून ओळखले जाते. राणी शार्लट नोव्हेंबर १८१८ मध्ये जिथे वारली ती खोली इथे वरच्या मजल्यावर आहे. पण फॅनी राहिली ते ‘व्हाइट हाउस’ समोरच्या हिरवळीवर होते, आणि तेही १८०२ मध्ये पाडले गेले. त्या जागी आता एक सूर्यघड्याळ आहे. विंडसरचे घर गेले, क्यूचे गेले. ती जिथे जिथे घंटेची वाट पाहत बसली त्या दोन्ही घरांची गवताळ जमीन झाली आहे. व्हाइट हाउसचे मुदपाकखाने तेवढे शेजारी शिल्लक आहेत, आणि भाजलेल्या विटांच्या त्या थंडगार खोल्या पाहिल्या की घर केवढे असेल याचा अंदाज येतो.

५ नोव्हेंबर १७८८ रोजी विंडसरला जेवणाच्या टेबलावर राजाचे मन ढळले. फॅनी आपल्या खोलीत बसली होती, नेहमीचे आवाज थांबले होते, कोणी काही सांगत नव्हते. मध्यरात्र उलटल्यावर तिला बोलावणे आले तेव्हा राणी पांढरीफटक पडलेली होती. महिनाअखेरीस सर्वांना क्यूला हलवले. हे उन्हाळ्यात राहायचे घर, शेकोट्या पुरेशा नाहीत, गालिचे नाहीत, दारांवर खडूने नावे लिहून युवराजाने खोल्या वाटून दिलेल्या. खिडक्यांच्या फटींतून वारा येऊ नये म्हणून वाळूच्या पिशव्या लावल्या. रोज सकाळी अंधाऱ्या, गारठलेल्या बोळात उभे राहायचे, डॉक्टरांकडून राजाच्या रात्रीची खबर घ्यायची आणि ती राणीला सांगायची, हे काम फॅनीकडे आले. त्या महिन्यांची हकिगत तिने अगदी जवळून पाहून लिहून ठेवली. जी नोकरी तिची कादंबरी खात होती तिनेच तिच्या हातात हे लेखन ठेवले, आणि ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षे मनात उलटसुलट फिरवते आहे.

२ फेब्रुवारी १७८९ ची गोष्ट त्या झाडांखाली वाचायची असे मी साताऱ्यातच ठरवले होते. पान उघडले आणि नेमका पाऊस सुरू झाला. एका मोठ्या ओकखाली आम्ही दोघी एका छत्रीत उभ्या राहिलो आणि मी मोठ्याने वाचत मराठीत सांगत गेले. राजा त्या दिवशी रिचमंडच्या बाजूला फिरायला जाणार, म्हणून फॅनीला क्यूच्या बागेत फिरायची मोकळीक मिळाली होती. झाडांमधून तिला काही माणसे दिसली, ती माळी असावीत असे वाटले. मग त्यांत राजा दिसला. ती जीव घेऊन पळत सुटली. राजाने तिच्या नावाने हाका मारत तिचा पाठलाग केला, त्याच्यामागे डॉक्टर, नोकर. शेवटी एकाने ओरडून सांगितले की थांबा, पळण्याने महाराजांना त्रास होतो आहे. ती थांबली, वळली आणि सर्व धैर्य एकवटून राजाकडे चालत गेली. राजाने तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तिच्या गालाचे चुंबन घेतले. मग तो तिच्याशी बराच वेळ बोलला : तिच्या वडिलांविषयी, हँडेलच्या संगीताविषयी, बसलेल्या आवाजात त्याने ते गाऊनही दाखवले, आणि श्वेलेनबर्गची पर्वा करू नकोस, मी तुझा मित्र आहे, असे सांगितले.

“वन्सं, म्हणजे त्याला माहीत होतं!” वहिनी म्हणाल्या. “वेड लागलेलं असताना त्यालाच दिसलं की हिला त्रास आहे, आणि शहाण्यांना नाही दिसलं.”

पाऊस ओसरेपर्यंत आम्ही दोघीही काही बोललो नाही.

बागेतून बाहेर पडल्यावर क्यू रोडवर ‘मेड्स ऑफ ऑनर’ या गोड वड्यांचे जुने दुकान आहे. राणीच्या सख्यांच्या नावाची ही पापुद्र्याची करंडी, आत दाटसर, खरवसाची आठवण व्हावी असे सारण. आठव्या हेन्रीच्या दरबाराशी तिचा संबंध जोडणारी आख्यायिका तिथे सर्वांना पाठ आहे. गरमच खावी. जाणाऱ्यांसाठी : क्यू पॅलेस उन्हाळी महिन्यांतच उघडा असतो आणि बागेच्या तिकिटातच तो पाहता येतो, हिवाळ्यात गेलात तर फक्त बाहेरून दिसेल.

रविवारी दिवसभर पाऊस होता. भाचीकडे कांदेपोहे झाले, वहिनींनी मला फॅनीच्या दैनंदिन्या वाचून दाखवायला लावल्या, आणि १७९१ पर्यंत आम्ही आलो. फॅनीची प्रकृती खालावली होती, खोकला, निद्रानाश, कुशीत दुखणे. डिसेंबर १७९० मध्ये तिने सोडून देण्याची विनंती लेखी दिली. श्वेलेनबर्गबाई संतापल्या, राणीच्या पदरची नोकरी कोणी सोडते, ही कल्पनाच त्यांना सोसेना. जुलै १७९१ मध्ये ती सुटली. राणीने वर्षाला शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. वहिनींनी त्याची नोंद समाधानाने घेतली.

चौथा दिवस, सोमवार : लंडन

सकाळी लिंकन्स इन, बॅरिस्टरांची जुनी संस्था. इथे माझे स्वतःचे असे एक नाव होते. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकची, १८६६ चा जन्म. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, परीक्षेत पहिली आली, पण मुलगी म्हणून सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. हितचिंतकांनी पैसे जमवून तिला ऑक्सफर्डला पाठवले. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पदवी मिळायला तीस वर्षे लागली, १९२३ मध्ये ती लिंकन्स इनची बॅरिस्टर झाली. ती लेखिकाही होती. व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात हजर होताना तिला साडी नेसण्याची मुभा मिळाली, आणि तिने संपादित केलेल्या १९४३ च्या ग्रंथाला क्वीन मेरीचे नाव लाभले. साम्राज्याविषयीची तिची निष्ठा मला पटत नाही, तरी मुंबई इलाख्यातील एका मुलीने ते दार उघडले याचा अभिमान वाटतो. तिचा अर्धपुतळा २०१२ मध्ये तिथे बसवला गेला. आम्ही आवारातूनच वास्तू पाहिली. आवारात कामाच्या दिवशी कोणालाही जाता येते, शनिवार-रविवारी नाही.

दुपारी ड्यूक ऑफ यॉर्कच्या स्तंभाजवळ उभ्या राहिलो. इथे कार्ल्टन हाउस होते, युवराज रीजंटचे, म्हणजे आजारी तिसऱ्या जॉर्जच्या जागी कारभार पाहणाऱ्या त्याच्या मुलाचे, पुढच्या चौथ्या जॉर्जचे. तेही पाडलेले. १३ नोव्हेंबर १८१५ रोजी जेन ऑस्टिन इथे आली होती. युवराजाचा ग्रंथपाल क्लार्क याने तिला ग्रंथालय दाखवले आणि पुढची कादंबरी युवराजाला अर्पण करण्याची तिला मोकळीक आहे, असे कळवले. दोन वर्षांपूर्वीच एका पत्रात तिने लिहिले होते की, त्याची पत्नी स्त्री आहे म्हणून मी तिची बाजू घेईन, आणि तिच्या नवऱ्याचा मला द्वेष वाटतो म्हणूनही घेईन. आता त्याच नवऱ्याला पुस्तक अर्पण करायचे. ही मोकळीक आहे की आज्ञा, असे तिने दोनच दिवसांनी क्लार्कला पत्र लिहून विचारून घेतले.

पाचवा दिवस, मंगळवार : चॉटन

लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून ऑल्टन, आणि तिथून अर्ध्या तासाची पायी वाट. ऑस्टिनचे विटांचे घर रस्त्याला लागूनच आहे. इथे ती १८०९ पासून राहिली. जेवणघरात खिडकीजवळ तिचे लिहायचे टेबल आहे, बारा कोनांचे, एका पायावरचे, आणि इतके लहान की आपल्याकडचे पूजेचे ताट ठेवले तर कागदाला जागा उरणार नाही. वहिनींनी वीत लावून अंदाज घेतला.

युवराजाला अर्पण केलेल्या त्या कादंबरीची, ‘एम्मा’ची, अर्पणपत्रिका मला इथे आठवली. ‘हिज रॉयल हायनेस’ हे शब्द त्या चारपाच ओळींत तीन वेळा येतात आणि शेवटी ‘लेखक’ एवढेच, नाव नाही. तांबड्या चामड्यात बांधलेले तीन खंड युवराजाला पाठवले गेले, ते आजही विंडसरच्या राजग्रंथालयात आहेत. त्यानंतर क्लार्कने सुचवले की राजघराण्याच्या इतिहासावर एखादी रम्य कादंबरी लिहावी. १ एप्रिल १८१६ च्या उत्तरात तिने अत्यंत आदराने कळवले की, महाकाव्य जसे मला लिहिता येणार नाही तसे हेही नाही. मला माझ्याच वाटेने गेले पाहिजे. फॅनीला नकार देता आला नाही, जेनला आला, आणि याला कारण स्वभावाइतकीच परिस्थिती होती असे मला वाटते. जेनच्या घरात बहीण आणि मैत्रीण स्वयंपाकघराचा भार उचलत होत्या, आणि ‘हो म्हण’ असे सांगणारा बाप हयात नव्हता.

या दोघी कधी भेटल्या नाहीत. परंतु फॅनीने दरबारातून सुटल्यावर ‘कॅमिला’ लिहिली, ती १७९६ मध्ये आगाऊ वर्गणी घेऊन छापली आणि राणीला अर्पण केली. त्या वर्गणीदारांच्या यादीत ‘मिस जे. ऑस्टिन, स्टीव्हन्टन’ हे नाव आहे. तेव्हा जेन वीस वर्षांची होती. ‘कॅमिला’ने हजार पौंडांहून अधिक मिळवून दिले आणि त्या पैशातून फॅनीने नवऱ्यासह स्वतःचे घर बांधले. वहिनींनी विंडसरचा हिशेब इथे पुरा केला : पाच वर्षांच्या पगाराएवढी रक्कम एका पुस्तकाने दिली, आणि ‘सिसीलिया’पासून ‘कॅमिला’पर्यंत चौदा वर्षे गेली. दुकानातून त्यांनी फॅनीच्या दैनंदिनीची संक्षिप्त आवृत्ती विकत घेतली. इंग्रजी पुस्तक त्यांनी स्वतःसाठी विकत घेतलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

सहावा दिवस, बुधवार : बाथ

गाडी दीड तास उशिरा आली, बसायला जागा नव्हती आणि वहिनींचे गुडघे दुखत होते. एका तरुणाने उठून जागा दिली. तो उभाच राहिला, थेट बाथपर्यंत. या मार्गावर तिकिटाबरोबर आसन आरक्षित करून घ्यावे, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

बाथमध्ये ऊन होते आणि सगळे शहर मधाच्या रंगाच्या दगडाचे. प्रसिद्ध रोमन स्नानगृहांकडे न जाता आम्ही चढ चढून वॉलकॉटच्या सेंट स्विदिन्स चर्चकडे गेलो. फॅनी ६ जानेवारी १८४० रोजी लंडनमध्ये वारली आणि तिला इथे, आधी गेलेल्या नवऱ्याच्या आणि मुलाच्या जवळ ठेवले. याच चर्चमध्ये १७६४ मध्ये जेन ऑस्टिनच्या आईवडिलांचे लग्न झाले आणि १८०५ मध्ये तिच्या वडिलांना इथेच पुरले. रस्त्यावरून बस जात होत्या. दगडावरची अक्षरे पावसाने पुसट झाली आहेत. मी बोटाने चाचपत ‘डार्ब्ले’ हे तिचे लग्नानंतरचे नाव लावले. त्या दगडावर घंटा नाही, दौतही नाही. चर्चमधून एक काका बाहेर आले, आम्ही कोणाला शोधत आहोत हे त्यांनी न विचारताच ओळखले आणि म्हणाले की लोक बहुतेक ऑस्टिनसाठी येतात. आम्ही दुसरीसाठी आलो आहोत, असे सांगितल्यावर ते आत गेले आणि पाण्याचा पेला आणि एक स्वच्छ फडके घेऊन आले. वहिनींनी खाली बसून अक्षरांवरचे शेवाळ हलक्या हाताने ओले केले, मात्र घासले नाही.

संध्याकाळी सॅली लनच्या जुन्या घरात तो मोठा, हलका बन खाल्ला, अर्धा लोण्याबरोबर, अर्धा दालचिनीबरोबर. एक दोघींना पुरतो.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. वहिनींनी पिशवीतून पुस्तक काढले आणि पेन्सिलने ओळीखाली रेघा मारत वाचू लागल्या. अडलेला शब्द त्या मला विचारत आणि समासात मराठी अर्थ लिहून ठेवत. त्या अजून विंडसरच्या पहिल्या महिन्यात होत्या, सकाळी सहा वाजले होते आणि फॅनी उठून बसली होती. रीडिंगला गाडी बदलायची होती. वहिनींनी पुस्तक मिटले नाही, पानात बोट घालून त्या तशाच फलाटावर उतरल्या.